मेटलर्जी घेतली म्हणजे भट्टीपुढेच उभं राहायचं का?

प्रश्न : मुलीला कॅप राउंडमध्ये (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेरीत) पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्राची ब्रँच मिळतेय. तिचे काका म्हणतात, पोरगी काय भट्टीपुढे उभी राहणार? त्यापेक्षा खासगी कॉलेजात कॉम्प्युटर घ्या. काय करावं? – एक आई, भंडारा

उत्तर : ताई, तुमच्या भंडाऱ्याचं नावच पितळी भांड्यांवर झालं आणि पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. तेव्हा या विषयाला घरात कुणी परकं समजू नये!

दोन धातू असे वितळवून एकजीव करणं ही झाली त्यांना एकत्र आणण्याची एक तऱ्हा. दुसरीत दोन धातू आपापले राहतात, फक्त एकमेकांना घट्ट चिकटवलेले. घरातली जुनी, बंद पडलेली इस्त्री मुलीला खोलायला द्या (प्लग काढून). थर्मोस्टॅटमध्ये (तापमान आवरणाऱ्या भागात) एक पातळ पट्टी दिसेल. तिची एक बाजू तापल्यावर जास्त पसरते, दुसरी जेमतेम. त्यामुळे पट्टी वाकते, काँटॅक्ट सुटतो आणि इस्त्री बंद होते. कमी पसरणाऱ्या बाजूला बरेचदा इन्व्हार वापरतात, म्हणजे लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल. हा मिश्रधातू शोधणाऱ्या गिलोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आजचा गुंता इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत आहे. लिथियम सेलमध्ये एका टोकाला ॲल्युमिनियम, दुसऱ्याला तांबं. सेल एकमेकांना जोडताना हे दोन्ही एकत्र वितळवून वेल्ड केले की मधे ठिसूळ थर तयार होतो, आणि धक्के बसून सांधा तडकू शकतो. तो थर पातळ कसा ठेवायचा, हे मेटलर्जीवाल्यांचं काम. ते मायक्रोस्कोपपुढे बसून होतं, तसंच शॉपफ्लोअरवर, म्हणजे कारखान्यातही. भट्टी अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, पण तिथे मुलीही काम करतात.

पगाराचं स्पष्ट सांगते. सुरुवातीला सॉफ्टवेअरपेक्षा सहसा कमी मिळतो. शिवाय चांगल्या जागांसाठी पुढे एम.टेक. लागतं, म्हणजे गेट ही प्रवेश परीक्षा, त्यात 'एमटी' हा मेटलर्जीचा पेपर. हैदराबादच्या मिधानी (खास मिश्रधातू बनवणारी सरकारी कंपनी), डीएमआरएल (संरक्षण खात्याची धातू प्रयोगशाळा) यांसारख्या संस्थांत याच विषयाचं काम चालतं. मुलीला केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही आवडत असतील, तर काकांचं ऐकून सीओईपी सोडू नका. कोडिंगचीच ओढ असेल, तर मात्र नुसत्या कॉलेजच्या नावासाठी ही ब्रँच घेऊ नका.

सीट फ्रीझ (पक्की) करण्याआधी तिलाच मला फोन करायला सांगा. तुमच्या पत्रात काकांचं मत आहे, तिचं कुठेच नाही.