केळं कुठं गेलं?

नारायण पेठ, पुणे

चि. भाचेबुवांस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

गव्हाची बिअर स्पर्धेला पाठवू का, विचारतोस. पाठव. तू अमेरिकेत आहेस म्हणून बिनधास्त सांगतो. तिथं १९७८ च्या कायद्यानं घरी स्वतःपुरती बिअर करायची मुभा दिली. इथं परवान्याशिवाय केली तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. म्हणून अमेरिकेतून परत आल्यावर मी बिअरची भांडी माळ्यावर टाकली. आता मायक्रोब्रुअरीत पैसे मोजून पितो आणि नावं ठेवतो.

पदक मिळेल न मिळेल, गुणपत्रिका मिळतेच. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या कागदावर ५० पैकी गुण असतात: वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकंदर मताला १०. दिसण्याला फक्त ३. तू ग्लासाचे फोटो काढण्यात अर्धा तास घालवतोस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

माझी पहिली बिअर मी जर्मन वाइसबिअर, म्हणजे लवंग-केळ्याच्या वासाची गव्हाची बिअर, म्हणून पाठवली होती. का, तर माझ्या कृतीच्या वहीत तसं लिहिलं होतं! बिअर स्वच्छ, पण लवंग-केळ्याचा पत्ता नाही, असा शेरा आला. गुण २६. चूक माझीच. तो वास गव्हातून येत नाही, यीस्टमधून येतो आणि मी वापरलं होतं साधं अमेरिकन यीस्ट. त्याच घाण्यातल्या उरलेल्या बाटल्या पुढच्या महिन्यात अमेरिकन व्हीट बिअर म्हणून दिल्या, तर ३५. तेव्हा फॉर्म भरण्याआधी वही मिटून ठेव. मित्राला तीन ग्लास भरायला सांग, एक तुझा, दोन विकतचे, कुठला कोणता ते न सांगता. मग शैलीचं वर्णन वाच आणि जे तोंडात आहे त्याचाच वर्ग निवड.

मंडईत तुला लवंग चुरडून हुंगायला लावली होती, आठवतंय? तेच नाक वापर. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बाटलीत भरायची घाई झाली. लोण्याचा आला तर यीस्टला शेवटी दोन-तीन दिवस जरा उबेत राहू द्यायला हवं होतं. उकडलेल्या कणसाचा आला तर बहुधा झाकण ठेवून उकळलंस. भिजल्या पुठ्ठ्याचा आला तर भरताना बाटलीत हवा शिरली.

बाटलीत फेसासाठी घालायची साखर चमच्यानं घालू नकोस, काट्यावर तोल. जास्त झाली तर बाटली फुटते. बाटल्या तपकिरी, लेबल खरवडून काढलेलं, झाकण साधं. बाकी नियम त्यांच्या पत्रकात असतीलच. आणि पाठवायला उशीर नको, गव्हाची बिअर ताजीच बरी.

गुणपत्रिका आली की फोटो धाड, वाईट असली तरी. ताईला मी ‘पोरगं स्पर्धेत उतरलंय’ एवढंच सांगितलंय. कसल्या, ते तुझं तू बघ.

तुझा,
मामा