एफ फॉर्ममधल्या रिकाम्या जागा आता भरू नका

डॉक्टर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. सोनोग्राफीच्या तपासणीला पथक आलं, चौदा एफ फॉर्म (गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची कायद्यानं ठेवायची नोंद) अपुरे निघाले, पाच दिवसांत खुलासा मागितलाय, आणि एक वरिष्ठ म्हणतात, "फॉर्म तुमच्याकडेच आहेत ना, मग भरून टाका." अकरा वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं गेलं होतं आणि मी ते ऐकलं. म्हणून हे लिहिते आहे.

मी वकील नाही. माझं प्रकरण जुनं आहे, मधे नियम बदललेत, शिवाय प्रत्येक जिल्ह्याची पद्धत वेगळी. पीसीपीएनडीटीचे, म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचे, खटले प्रत्यक्ष लढवलेला फौजदारी वकील आजच गाठा. घरच्या जमिनीचे व्यवहार पाहणारे काका या कामाला चालणार नाहीत.

माझं असं झालं. तालुक्याच्या गावी माझं वीस खाटांचं प्रसूतिगृह. ओपीडीच्या दिवशी साठ-सत्तर गरोदर बाया. फॉर्म सिस्टर भरायची, मी शेवटी सह्या करायचे. नऊ फॉर्मांत काही ना काही राहिलं होतं. कुठे शेवटच्या पाळीची तारीख, कुठे हयात मुलांची वयं, कुठे पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव. दोन ठिकाणी 'गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' या बाईच्या प्रतिज्ञापत्रावर अंगठा होता, पण तो कुणी साक्षांकित केलेला नव्हता. तपासणी होणार असल्याचं कळलं तशी मी रात्री बसले आणि ओपीडीच्या वहीतून पाहून सगळं भरलं. प्रत्येक अक्षर खरं होतं. पण पेन वेगळं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आमच्याकडे तेव्हा मासिक अहवालासोबत एफ फॉर्मच्या झेरॉक्सही द्याव्या लागत. त्या रिकाम्या जागांसकट आधीच या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या कार्यालयात गेल्या होत्या.

पथकानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. तोवर ती अपुरी नोंद होती, त्या क्षणापासून ती बनावट नोंद झाली. मशीन सील झालं आणि माझ्यावर फिर्याद दाखल झाली.

कायदा इथे आपल्याला फार जागा देत नाही. कलम 4(3) च्या परंतुकानुसार नोंदीतली त्रुटी किंवा चूक हेच कलम 5 किंवा 6 चं (लेखी संमती, लिंग सांगण्यावर आणि लिंगनिदानावर बंदी) उल्लंघन मानलं जातं, आणि तसं नाही हे आपण सिद्ध करायचं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कोर्टानं आरोप निश्चित केले की राज्य वैद्यकीय परिषदेला कळवलं जातं आणि निकालापर्यंत नोंदणी निलंबित होऊ शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं हे सगळं सर्वोच्च न्यायालयात नेलं होतं. 3 मे 2019 ला याचिका फेटाळली गेली. नोंदी न ठेवणं ही केवळ कारकुनी चूक नाही, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं. त्यामुळे "क्लेरिकल मिस्टेक" हे दोन शब्द तुमच्या खुलाशाचा आधार होऊ देऊ नका.

मग लिहायचं काय? माझं मत असं की जे रिकामं आहे ते रिकामं आहे हे कबूल करावं, आणि ती माहिती त्याच दिवशी दुसरीकडे लिहिली होती हे दाखवावं. ओपीडीची वही, बाईच्या गरोदरपणाच्या कार्डाची प्रत, रेफरल चिठ्ठी, पावती बुक. चौदाही बायांची अशी वेगवेगळी पाकिटं करा. शेवटी मला या कागदांनीच सोडवलं. चार वर्षांनी कोर्टानं आरोप निश्चित करण्याआधीच मला दोषमुक्त केलं, कारण वहीत त्याच तारखेला, त्याच शाईत, पाळीची तारीख आणि मुलांची वयं होती. रात्री जागून भरलेले फॉर्म मात्र शेवटपर्यंत माझ्या विरोधातच वापरले गेले.

त्या चार वर्षांतले पहिले चौदा महिने मशीन बंद होतं. एका संध्याकाळी पोटात दुखतंय म्हणून आलेली बाई, नाडी जलद, पाळी चुकलेली. नळीतला गर्भ असणार हे हाताला कळत होतं, पण पडद्यावर बघता येत नव्हतं. अडतीस किलोमीटर पाठवली. वाचली. तिच्या नवऱ्यानं जाताना विचारलं होतं, "मशीन समोर असताना बाहेर का पाठवता?" त्याला काय उत्तर द्यायचं?

माझा या कायद्याला विरोध नाही, हे कृपया नीट वाचा. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, 1988 साली. तरी 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यात 894 मुली उरल्या होत्या, बीडमध्ये 807. हे आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी केलं आहे. गर्भलिंग सांगणाऱ्याला तुरुंगातच जायला हवं. पण अंगठा साक्षांकित करायला विसरलेली आणि पैसे घेऊन लिंग सांगणारा यांना पहिल्या दिवशी एकच वागणूक मिळते. तिथे पायरी हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता कार्यालयाबद्दल. माझा पहिला खुलासा मी एका टेबलावर ठेवला आणि विश्वासानं परत आले. महिनाभरानं मिळालेल्या, माझ्या केंद्राची नोंदणी निलंबित करणाऱ्या आदेशात लिहिलं होतं, "खुलासा प्राप्त नाही." माझ्याकडे पोच नव्हती. अशा निलंबनाच्या आदेशाविरुद्ध अपील आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं. त्यातले बावीस दिवस मी तो कागद शोधायला त्याच जिन्यावर घालवले. कुणी उद्धट बोललं नाही, पण कुणी कपाटही उघडलं नाही.

जाता जाता आणखी एक. लोकम (बदलीचे) डॉक्टर बदलणार असाल किंवा मशीन दुसऱ्या खोलीत हलवणार असाल तर नियम 13 प्रमाणे तीस दिवस आधी कळवा. आणि पंचनामा झाला असेल तर जप्त कागदांच्या यादीची प्रत जागेवरच मिळायला हवी होती. नसेल मिळाली तर आजच लेखी मागा.

खुलाशाच्या दोन प्रती करा, प्रत्येक पानावर सही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. साहेब जेवायला गेलेत म्हणतील, थांबा. आवक-जावकचा कारकून उद्या या म्हणेल, तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. आणि आज रात्री ते फॉर्म कपाटात कुलपात ठेवून किल्ली घरच्या कुणाकडे तरी द्या.