वाकळ कापायची की सांधायची?

"मावशी, आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. आज्जीनं हातानं शिवलेली एक वाकळ घरात आहे. वर तिच्या इरकली लुगड्यांचे, काळ्या चंद्रकळेचे आणि बाबांच्या लहानपणच्या सदऱ्याचे तुकडे, खाली आजोबांचं धोतर. २०१९ च्या पुरात ती ट्रंकेत होती, तेव्हा एक कड चिखलाच्या पाण्यात भिजली. डाग अजून तसाच आहे. काळे तुकडे तर हात लावला तरी फाटतात. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आई हीच वाकळ पांघरते. पुण्याची वहिनी म्हणते, चांगले भाग कापून उशांचे अभ्रे करू, एक तुकडा फ्रेम करू, म्हणजे दादाला, मला आणि आत्याला आठवण राहील. मला वाटतं दुरुस्त करावी, पण कशी ते कळत नाही. आईला विचारलं तर म्हणते, 'मला काय विचारताय, तुम्हाला काय करायचं ते करा.' कापली तर आज्जीचा अपमान होईल का?"

पोरी, तुझं पत्र वाचताना मी आईच्या त्या वाक्यापाशी थांबले. "तुम्हाला काय करायचं ते करा" असं आपल्या घरातली बाई म्हणते, तेव्हा तिच्या मनात उत्तर तयार असतं. ते बोलून दाखवलं तर पोरांच्या मनाविरुद्ध होईल, सून नाराज होईल, म्हणून ती गप्प बसते. पण तुझी आई रोज रात्री काय करते ते तूच लिहिलंयस. ती ती वाकळ पांघरते. त्यात तिच्या नवऱ्याच्या लहानपणचा सदरा आहे, आणि ती शिवणारी तिची सासू होती. जी वस्तू आज रात्री कुणाच्या तरी अंगावर असणार आहे, तिची आठवण म्हणून वाटणी आत्ताच कशी करायची?

तेव्हा माझं मत सरळ सांगते. आई पांघरते तोवर वाकळ कापू नका, सांधा.

आज्जीच्या अपमानाचं मात्र मनात आणू नकोस. आज्जीनं स्वतः लुगडी फाडूनच ती शिवली की गं. वरचं कापड विरलं की त्यावर दुसरं लुगडं चढवायचं, अगदीच जीर्ण झाली की नव्या वाकळेच्या पोटात घालायची, हेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुमच्या वाकळेची एखादी शिवण उसवून बघ, आत आणखी जुनी वाकळ निघाली तर नवल नाही. म्हणजे वाकळेला कात्री लावायला हरकत नाही. हरकत आहे ती आज, या कारणासाठी लावायला.

हे मी अनुभवानं सांगतेय. माझी आई गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी तिच्या वाकळेचे तीन सारखे भाग केले. तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. पण वाकळ सगळी धावदोऱ्यावर उभी असते, एका कडेपासून दुसरीपर्यंत तोच दोरा सलग जातो. मधून कापली की प्रत्येक ओळीचं टोक मोकळं होतं. एका धुण्यात माझ्या तुकड्याच्या कडा सुटल्या आणि आतलं कापड गोळा झालं. नंतर मी कडेनं पट्टी लावून घेतली. पण आता तो अंगावर घेतला तर पाय उघडे पडतात. तिघांकडे तुकडे आहेत आणि पांघरायला कुणाकडेच काही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता काम. आधी वाकळ दिवसाच्या उजेडात खिडकीवर धर, दुसरं कुणी मागून बघू दे. जिथून उजेड येतो तिथं आतलं कापड विरलंय. मग प्रत्येक तुकड्याला दोन बोटांनी हलकासा ताण देऊन बघ. काळे आधी का फाटले याचं कारण आहे. जुन्या काळ्या रंगांत लोखंडाचा नाहीतर गंधकाचा अंश असायचा. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की तो सुताला आतून खातो. कोल्हापूरचा पावसाळा तुला मी काय सांगू! म्हणजे हाताळण्यात तुमच्याकडून चूक झाली असं नाही, चंद्रकळा तिच्या रंगानंच गेलीय.

ते काळे तुकडे काढून टाकू नकोस. महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात पातळ सुती मलमल मिळते. काळी नाही मिळाली तर पांढरी घेऊन रंगवून घे, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुऊन काढ, आणि तुकड्यापेक्षा बोटभर मोठी कापून वरून टाच. टाके शेजारच्या धडधाकट कापडात पडले पाहिजेत. मलमलीतून खालची चंद्रकळा दिसत राहते आणि झिजही थांबते. बाकी भोकांना ठिगळं घालताना नवं कडक कापड अजिबात नको. ते आखडतं, आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडतं. घरातली वापरून मऊ झालेली सुती साडी, नाहीतर धोतर घे. दोराही सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा टिकतो खरा, पण जुनं सूत कापत जातो. आणि मशीनवर शिवायला देऊ नकोस, विरलेल्या कापडात सुईची भोकं जवळजवळ पडली की तिथूनच पट्टी फाटते.

पुराची कड वेगळी गोष्ट आहे. त्या वर्षी पंचगंगेची धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि घराघरात शिरलेल्या त्या पाण्यात काय काय मिसळलेलं होतं ते शुक्रवार पेठेतल्या माणसाला सांगायला नको. आई ती कड तोंडाशी घेत असेल तर आधी तिची व्यवस्था कर. सुकलेला चिखल मऊ ब्रशानं झाड, तोंडाला रुमाल बांधून. मग ओला पांढरा फडका एकेका रंगावर दाबून बघ, रंग उतरला तर पाण्यात घालू नकोस. नाही उतरला तर चादरीवर ठेवून गार पाण्यात, रिठ्यात भिजव आणि उचलतानाही चादरीसकट उचल. ओली वाकळ स्वतःच्या वजनानं फाटते. घट बसायच्या आधी घाटावर दगडावर आपटून वाकळा धुतलेल्या तू पाहिल्या असशील, या वाकळेला ते झेपणार नाही. बाजेवर पसरून सावलीत वाळव, ऑक्टोबरचे दिवस त्यासाठी उत्तम.

एवढं करूनही कडेला कुबट वास राहिला तर ती कड काढायची. कात्रीआधी आतल्या बाजूनं हातानं दोन ओळी धावदोरा घालून घे, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही. मग उघड्या कडेला मऊ कापडाची पट्टी लाव. आणि इथं वहिनीचं म्हणणं पुरं होतं. निघालेल्या पट्टीतले धड तुकडे उसवून, नीट धुऊन, दादाला आणि आत्याला दे. आत्याच्या घरी नातवंड येणार असेल तर नव्या दुपट्याच्या मधोमध आज्जीच्या इरकलीचा चौकोन बसवता येईल. वहिनीवर रागावू नकोस. तिनं आज्जीला फारसं पाहिलंही नसेल, तरी तिला त्या वाकळेतलं काहीतरी आपल्या घरात हवंय. ही चांगली गोष्ट आहे, तिला फोनवर तसं सांग.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नको, सुती चादरीत गुंडाळ. पण माझी खात्री आहे, ती कपाटात फार राहणार नाही.

राहिला प्रश्न, शिवणार कोण. पैसे देऊन शिवून देणाऱ्या बाया मिळतील, पण त्यांच्याकडे जायच्या आधी दुपारची जेवणं झाली की वाकळ आईसमोर पसर. तिला मत विचारू नकोस, काम सांग. "आज्जीचा टाका एवढाच असायचा की मोठा?" असं विचार. सासूशेजारी बसून तिनं वाकळा शिवलेल्या असणार, तिच्या हाताला ते माहीत असेल. तिला सुई ओवायला दिसत नसेल तर तू दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेव. दोरा लाल घ्यायचा की पांढरा, तेही तीच सांगेल.