एकाच शहराची केस स्टडी पीएचडीला पुरेल का? (विषय: सोलापूरचा पाणीपुरवठा)

पुरेल, पण 'सोलापूरचा पाणीपुरवठा' ही केस नव्हे, तो विषय झाला. केस म्हणजे एखादा निर्णय किंवा प्रक्रिया, ठरावीक काळातली. उदाहरणार्थ, पाणी सोडण्याचं वेळापत्रक कोण, कसं ठरवतं? मग एका महापालिकेतच तुलना करता येते: एक झोन गावठाणातला, एक हद्दवाढ भागातला. झोन निवडण्याआधी निवडीचं कारण लिहून ठेवा. 'ओळखीचे अभियंता होते' हे कारण तोंडी परीक्षेत टिकत नाही.

सर्वसाधारण सभेचे ठराव, टिपण्या आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी आधी वाचा, मुलाखती नंतर. बहुतेक जण उलट करतात आणि अधिकाऱ्याचं म्हणणंच निष्कर्ष म्हणून छापतात. कागद मिळेना तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस, अपील वेगळं; तेवढा वेळ आराखड्यात धरा. प्रत्येक दावा किमान दोन वेगळ्या स्रोतांवर तपासा. व्हॉल्व्हवाल्याची मुलाखत तर हवीच, नियम आणि व्यवहार यांतलं अंतर तिथंच दिसतं.

एका शहरावरून 'महाराष्ट्रात असंच आहे' म्हणता येत नाही. असं का घडलं, ती कारणसाखळी मांडता येते.