समुद्र सरकला, सातबारा जागेवरच

प्रश्न : किनाऱ्यालगतच्या आमच्या वडिलोपार्जित वाडीच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं आहेत. शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत सरकारी धूपप्रतिबंधक बंधारा झाला आणि तेव्हापासून आमच्या बाजूची धूप वाढली. माडांच्या दोन रांगा गेल्या. स्वखर्चाने भिंत घालावी का? भरपाई मिळेल का? वाडी बँकेकडे तारण आहे.

उत्तर : भिंतीचं आधी सांगतो, कारण पावसाळा तोंडावर आला की माणूस वकिलाआधी ठेकेदार गाठतो. परवानगीशिवाय एक दगडही टाकू नका. तुमच्या जागेला 2019 ची सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचना लागू आहे. धूप रोखण्याच्या कामांना तिच्यात मनाई नाही, पण पूर्वमंजुरी लागते आणि त्यासाठी महाराष्ट्र किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं. विनापरवाना भिंत घातलीत आणि पलीकडच्या वाडीची वाळू गेली, तर आजचे तक्रारदार उद्या प्रतिवादी व्हाल.

तुमचा खरा दावा याच मुद्द्यावर उभा राहू शकतो. वाळू किनाऱ्याला समांतर सरकत असते. दगडी बंधारा जिथे संपतो, त्या टोकापाशी लाटांचा जोर वाढून लगतचा उघडा किनारा जास्त खचतो, हे अभियंत्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून माहिती अधिकारात बंधाऱ्याची सीआरझेड मंजुरी, तिच्यातल्या अटी आणि कामाआधी केलेला अभ्यास मागा. अभ्यासच झाला नसेल किंवा अटी मोडल्या असतील, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाच्या, पुणे खंडपीठात जाता येतं. भरपाई आणि मालमत्ता पूर्ववत करण्यासाठीच्या अर्जाला मुदत 5 वर्षांची आहे, तर पर्यावरणाच्या इतर वादांसाठी 6 महिन्यांची, फार तर आणखी 60 दिवस. ही मुदत दाव्याचं कारण प्रथम घडल्यापासून मोजतात. तुम्ही वकिलाला भेटल्यापासून नव्हे. बंधारा कधी पूर्ण झाला, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आधी ती तारीख शोधा.

आता मोजणी. मोजणी झाली तर सातबाऱ्यावरचं क्षेत्र घटेल, या भीतीने अनेकजण ती टाळतात. भीती समजण्यासारखी आहे, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्रतळ सरकारचा असतो. कागदावर पूर्ण क्षेत्र दिसतं म्हणून पाण्याखालच्या जमिनीची मालकी शाबूत आहे, असं धरून चालू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि जुन्या गटनकाशाशी ताडून किती जमीन गेली ते नकाशावर आणून घ्या. वाहून गेलेल्या क्षेत्राचा शेतसाराही कमी करून मागता येतो. रक्कम किरकोळ, पण त्या निमित्ताने जमीन गेल्याचं सरकारी दप्तरात लिहिलं जातं, आणि न्यायाधिकरणापुढे तेच कामाला येतं.

आपत्ती मदतीबाबत फार आशा लावणार नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत जमीन गेल्याची मदत आहे ती दरड, हिमस्खलन किंवा नदीने पात्र बदलल्यास. रोजच्या भरतीने होणारी धूप केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीतच नाही. निधीचा 10 टक्क्यांपर्यंतचा भाग राज्याला स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो आणि केरळने त्यात किनाऱ्याची धूप घेतली आहे. चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. ते यादीत आहे, त्यामुळे वादळात घर पडलं किंवा माड आडवे झाले तर त्याच आठवड्यात तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि 'वादळाने' हा शब्द त्यात आलाय का ते वाचूनच सही करा.

राहिली बँक. जमीन वाहून गेली तरी कर्ज वाहून जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 68 नुसार तारण अपुरं पडलं तर बँक वाजवी संधी देऊन जादा तारण मागू शकते आणि ते दिलं नाही तर वसुलीचा दावा लावू शकते. मोजणीचा नकाशा हाती आला की तिघांच्या सहीने बँकेला पत्र द्या आणि त्यातच कर्जाच्या पुनर्रचनेची मागणी करा. एकट्याने सही करू नका. कर्जदार तिघंही असाल, तर एकाने दिलेली कर्जाची कबुली बाकीच्या दोघांना मान्य नसल्याचं नंतर कोर्टात निघतं.