पायलट चाळिशीनंतर काय करतो? कराडच्या एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला आहे, नेव्हीत फायटर पायलट व्हायचं हे तिचं ठरलंय, आणि त्यावरून घरात रोज वाद चाललेत. तिचे बाबा म्हणतात, विमान उडवून उडवून किती वर्षं उडवशील, चाळिशीनंतर काय, त्यापेक्षा सरळ इंजिनिअरिंगला जा. तुम्ही विचारलंय की यात कोणाचं बरोबर.

बाबांची काळजी अगदी रास्त आहे ताई, पोरीच्या पुढच्या आयुष्याचा विचार बापाने नाही करायचा तर कोणी करायचा. फक्त नेव्हीतला पायलट म्हणजे नुसता विमान चालवणारा माणूस असं ते धरून चाललेत, आणि तिथे गडबड होतेय. तो आधी नौदलाचा अधिकारी असतो, फ्लाइंग हा त्याच्या कामाचा एक भाग असतो. हे बाबांना नुसतं सांगून पटणार नाही म्हणून एका माणसाचं आयुष्य सांगते, ते त्यांना वाचून दाखवा.

ॲडमिरल राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. आपली पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत 4 मार्च 1961 ला उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली, आणि 18 मे 1961 ला तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं ते यांनी. तेव्हा ते लेफ्टनंट होते, वय 31, विमान सी हॉक. बोट अजून मुंबईला पोचलीसुद्धा नव्हती, ती आली नोव्हेंबरात.

आता डेकवर उतरणं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते कारण मुलीला नक्की कशात शिरायचंय हे घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे. विक्रांतची अख्खी लांबी साधारण 213 मीटर, त्यातला उतरायला मिळणारा तुकडा त्याहून बराच लहान, आणि हे सगळं पाण्यावर पुढे जातंय, वरखाली होतंय. डेकवर आडव्या स्टीलच्या तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक हूक असतो, तो तारेत अडकला की विमान थांबतं. डेकच्या बाजूला आरशाची यंत्रणा, त्यात हिरव्या दिव्यांची एक ओळ आणि मधे एक केशरी ठिपका, ठिपका ओळीच्या वर दिसला तर तुम्ही जास्त उंचावर आहात, खाली दिसला तर धोका, तेव्हा तो ओळीत धरून ठेवत खाली यायचं. आणि गंमत म्हणजे चाकं डेकला लागली की आपण ब्रेक मारू असं कोणालाही वाटेल, तिथे पायलट उलट थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पूर्ण पुढे ढकलतो! कारण हूक चुकला तर थांबायला जागा नाही, परत हवेत जाण्याएवढा वेग हाताशी पाहिजे. त्यात सी हॉक एका सीटचं, म्हणजे पहिल्या वेळेलाही मागे इन्स्ट्रक्टर बसलेला नाही.

बाबांचा प्रश्न याच्या पुढचा आहे ना, की मग नंतर काय. ज्या विक्रांतवर ताहिलियानी लेफ्टनंट म्हणून उतरले त्याच विक्रांतचे ते पुढे कॅप्टन झाले. नेव्हीत पायलटला मधेमधे जहाजावर ड्युटी करावी लागते, नेव्हिगेशन, वॉचकीपिंग म्हणजे जहाजावरचा पहारा, माणसं सांभाळणं सगळं शिकावं लागतं, त्यामुळे पुढचे दरवाजे बंद होत नाहीत. डिसेंबर 1984 मध्ये 54 व्या वर्षी ते नौदलप्रमुख झाले, या पदावर पोचलेले पहिले वैमानिक. त्यांच्याच काळात 1987 मध्ये दुसरी विमानवाहू नौका विराट आपल्याकडे आली. रिटायर झाल्यावर 1990 ते 94 सिक्कीमचे राज्यपाल, त्यानंतर ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल इंडियाचे अध्यक्ष म्हणून भ्रष्टाचाराविरुद्धचं काम. 2015 मध्ये 85 व्या वर्षी गेले. चाळिशीनंतरची 45 वर्षं बघा ताई, मला तर त्यांच्या त्या लँडिंगपेक्षा ही वर्षं जास्त मोठी वाटतात.

सगळेच काही प्रमुख होत नाहीत, हे मी लपवणार नाही. बरेच जण कमांडर, कॅप्टन या हुद्द्यांवर रिटायर होतात. बारावीनंतर एनडीएतून, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, पर्मनंट कमिशन (कायमची अधिकारीपदाची नेमणूक) मिळालं तर 20 वर्षं सर्व्हिस झाल्यावर पेन्शन. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिसने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर, गेली तर आधी 10 वर्षं, वाढवून मिळाली तर 14, आणि पेन्शन नाही, तेव्हा बाबांची काळजी या दुसऱ्या वाटेला जास्त लागू पडते. तिथेही डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) परीक्षा देऊन, लायसन्स करून एअरलाइनमध्ये जाणारे आहेत, हेलिकॉप्टरवाले जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींवर उड्डाणं करतात. पण ती तयारी नोकरीत असतानाच करावी लागते.

आणखी एक, फायटरच मिळेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. हेलिकॉप्टर किंवा डॉर्नियर (समुद्रावर टेहळणी करणारं विमान) मिळालं तर तिला चालणार आहे का, हे तिला आत्ताच विचारा. मुलगी म्हणून वाट बंद नाही, 2019 मध्ये शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला पायलट झाल्या, 2025 मध्ये आस्था पूनिया फायटर स्ट्रीमला, म्हणजे फायटर विमानांच्या प्रशिक्षणाला, गेल्या, एनडीएत 2022 पासून मुली आहेत. पण जागा फार कमी आहेत, तेव्हा इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सची तयारी सोडू नका. बीई करूनही पायलट एन्ट्रीला अर्ज करता येतो, म्हणजे बाबांची आणि तिची वाट काही वर्षं एकच आहे.

आता लगेच करायचं ते सांगते. तिने मॅथ्स सोडलेलं नाही ना ते बघा, एनडीएच्या नेव्ही विंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही लागतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन नंबर आणि रंग ओळखण्याची टेस्ट दोन्ही करून घ्या, या एका गोष्टीवर कित्येक हुशार मुलं शेवटच्या टप्प्यात अडकतात आणि घरच्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. पायलटची जी कॉम्प्युटरवरची निवड चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे झोप नसताना, ताप असताना तिथे जाऊन बसायचं नाही. नाशिकच्या मुलींच्या एसपीआयची (एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) वेळ तिची गेली, त्याला दहावीत असतानाच अर्ज करावा लागतो. धाकटं कोणी असेल तर लक्षात ठेवा.

आणि दिवाळीच्या सुट्टीत तिघं गोव्याला जाऊन या. वास्कोजवळ बोगमाळो रोडला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक ठेवलंय. त्याचं कॉकपिट केवढंसं आहे ते बाबांना बघू दे. डोळ्यांचा रिपोर्ट आला की मला कळवा, त्यावरून एनडीएची वाट धरायची की बीईची ते ठरवू.