किंकाळ्यांमागचे संगीत

प्रश्न : मी मिरजेत राहतो आणि आजवर शास्त्रीय संगीतच ऐकत आलो आहे. सांगलीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने 'वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम' या अमेरिकन बँडचा 'टू हंटर्स' हा अल्बम ऐकण्याचा आग्रह केला. या प्रकाराला 'अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल' म्हणतात, असे तो सांगतो. मी तो मोबाइलवर ऐकला. मला केवळ गोंगाट आणि किंकाळ्या ऐकू आल्या, एक शब्दही कळला नाही. ध्वनिमुद्रण खराब आहे का? शिवाय या संगीताच्या लोकांनी चर्च जाळल्याचे वाचनात आले. असे संगीत ऐकावे का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो महत्त्वाचा आहे आणि त्याला बगल देऊ नये. आपण वाचलेले खरे आहे. नॉर्वेत नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या रॉक संगीताच्या कर्कश, वेगवान प्रकाराभोवती जमलेल्या काही तरुणांनी चर्च जाळली. बर्गनजवळचे फान्टॉफ्टचे जुने लाकडी चर्च जून १९९२ मध्ये भस्मसात झाले. १९९३ मध्ये 'मेहेम' या बँडच्या गिटारवादकाचा खून झाला आणि त्यासाठी 'बुर्झुम' हा एकट्याचा बँड चालवणाऱ्या संगीतकाराला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. आजही या क्षेत्रात उघडपणे वंशद्वेष पसरवणारे काही बँड आहेत आणि त्यांना आपला एक रुपयाही मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या गुन्ह्यांचा भार या प्रकारात काम करणाऱ्या प्रत्येकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. आपल्या पुतण्याने सुचवलेला बँड वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया या गावचा असून तेथील अरण्य आणि निसर्गाविषयीची ओढ हाच त्याच्या संगीताचा गाभा आहे.

आता ऐकण्याविषयी. ध्वनिमुद्रण खराब नाही. 'डार्कथ्रोन'सारख्या सुरुवातीच्या नॉर्वेजियन बँडनी मुद्दाम कोरडा, खरखरीत आवाज पसंत केला होता, हे खरे. पण २००७ चा 'टू हंटर्स' तसा नाही, त्यात खोली आणि घुमारा भरपूर आहे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि किंकाळी, झांजा व गिटारची वरची खरखर एवढेच कानावर आदळत राहते. त्यामुळे चांगले हेडफोन वापरावेत आणि आवाज मध्यम ठेवावा. हे संगीत कान दुखेपर्यंत मोठे लावल्याने अधिक कळत नाही.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. ख्याल ऐकताना आपले लक्ष गायकाच्या मागे जाते आणि बाकी सारे त्याच्या साथीला असते. तीच सवय येथे वापरली की आपण किंकाळीपाशीच अडकतो. या प्रकारात आवाज पुढे बसलेला नसतो. तो गिटारांच्या थरांत मिसळलेला एक थर असतो, आणि शब्द ऐकून समजावेत अशी गायकाचीही फारशी अपेक्षा नसते. ढोल अतिशय जलद वाजतात, गिटारची एकच तार वरखाली झपाट्याने छेडली जाते, परंतु त्या धावपळीच्या खाली स्वरसंगती विलक्षण सावकाश बदलते. एक स्वरसमूह बराच वेळ टिकतो, मग दुसऱ्यावर सरकतो. कान ढोलावरून काढून या संथ सरकण्यावर ठेवला की तोच गोंगाट एकदम विस्तीर्ण वाटू लागतो. मिरजेच्या माणसाला हे परके वाटू नये: तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा नेमक्या जागी आला की छेडलेल्या स्वराबरोबर न छेडलेले स्वरही उमलतात, आणि येथेही डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा परिणाम) लावलेल्या अनेक गिटारींच्या सततच्या कंपनातून कोणीही स्वतंत्रपणे न वाजवलेल्या स्वररेषा कानी येतात. माझ्या मते या संगीताचे सौंदर्य तेथेच आहे.

अल्बममध्ये चारच रचना आहेत, एकूण सुमारे पाऊण तासाच्या. तुकडे करून ऐकू नये. पहिली रचना गायनाविना आहे, तिच्यात फक्त गिटारांचा पोत ऐकावा. दुसरी कठीण वाटली तरी ती चालू राहू द्यावी, कारण तिसऱ्या 'क्लेन्झिंग'च्या आरंभी जेसिका केनी यांचे संथ, मोकळे गायन येते आणि त्या शांततेचे मोल आधीच्या वादळामुळेच वाढते. शेवटची रचना अठरा मिनिटांहून मोठी आहे. तिच्यातले चढउतार ध्यानात येऊ लागले की पुतण्याचा आग्रह कशासाठी होता, ते आपल्याला कळेल.

यानंतरही किंकाळी सहन होत नसेल, तर नॉर्वेच्या 'उल्व्हर' या बँडचा १९९५ चा 'बेर्गटाट' घ्यावा. त्यात स्वच्छ, सुरेल गायन आणि अकूस्टिक गिटार भरपूर आहे, आणि डोंगरात ओढून नेलेल्या मुलीची लोककथा पाच प्रकरणांत उलगडते. खरे तर आपल्यासारख्या श्रोत्याला मी तोच आधी दिला असता.